टोचलेली केळी

किळस हा शब्द पत्रकात वापरायचा नाही, असा नानांचा नियम होता. नाना म्हणजे माझे वडील. ते म्हणायचे, पत्रक वाचणाऱ्याला राग आला पाहिजे, रागावलेला माणूस काहीतरी करतो. किळस आलेला माणूस नाक दाबून निघून जातो. पाचोऱ्याच्या आमच्या घरात मी पुस्तकांच्या आधी पत्रकं वाचायला शिकले. पाणीपट्टी, रेशनचा काळा बाजार, हुंडा, अंगात येणाऱ्या बाया. बाजाराच्या दिवशी नानांबरोबर चौकात उभी राहून मी ती वाटली आहेत, आणि तासाभरात लोकांनी त्यात भजी बांधून नेलेलीही पाहिली आहेत. नानांचा तो नियम मी आजवर पाळला. इथे मोडते, कारण जे सांगायचं आहे त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि नाक दाबून निघून जायला जागाही नाही. गोष्ट माझ्याच घरातली आहे, आणि त्यातलं बरंचसं माझ्या उजव्या हातानं केलेलं आहे.

मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक भिंतींवरच्या जाहिरातींविरुद्ध होतं. भडगाव रस्त्याला लागलं की ठळक रंगात लिहिलेलं दिसतं, रुग्णाच्या नकळत दारू सोडवा. खाली फोन नंबर. बायका ती पूड मागवतात आणि नवऱ्याच्या भाजीत कालवतात. मी लिहिलं होतं, 'माणसाच्या पोटात काय जातं हे त्या माणसाला माहीत असलंच पाहिजे.' नानांनी ते वाक्य उचलून मथळा केला. म्हणाले, "आता तुला लिहिता येतं."

त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर, साखरेच्या डब्यामागे, थेंबांची बाटली होती. सात महिन्यांपासून होती.

ते थेंब अक्कासाठी होते. अक्का माझी आत्या, नानांची थोरली बहीण. तिला रावेरकडे दिली होती. तिथे ती बारा वर्षं केळीच्या पॅकिंगला जायची. घडाच्या फण्या कापायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, डागी माल बाजूला काढायचा, चांगला खोक्यात भरायचा. ती सांगायची की सालीवरून नुसता अंगठा फिरवला तरी कुठे मार लागलाय ते तिला कळतं. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तेव्हा ती एक पेटी घेऊन आमच्याकडे आली. आम्ही घरात शहरी मराठी बोलतो, नानांना सभेसाठी ती सवय. अक्का मात्र अहिराणीच बोलायची आणि आमच्या बोलण्याला 'मास्तरनी भाषा' म्हणून हसायची.

आल्यावर तीनेक वर्षांनी तिला आवाज ऐकू यायला लागले. पॅकिंगवरचा मुकादम भिंतीतून शिव्या देतो, म्हणायची. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून त्याला उत्तरं द्यायची. शेजारणींनी भगत सुचवला. नानांनी त्यांना दारातच ऐकवलं की आजार डोक्याचा आहे आणि डोकं हा शरीराचाच भाग आहे. जळगावच्या एका खाजगी डॉक्टरकडे तिला नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत मुकादम गप्प झाला. हे मी मुद्दाम लिहिते. औषधानं गुण येतो यावर माझा तेव्हाही विश्वास होता आणि आजही आहे. ती गोळी अक्का स्वतः घ्यायची, पाकीट फोडून, घोटभर पाण्यासोबत, सगळ्यांसमोर.

मग एक दिवस तिनं गोळी घेणं बंद केलं. का, हे आम्ही विचारलं नाही. आजारी माणूस औषध सोडतो, असंच असतं, असं आम्ही धरून चाललो. मुकादम परत आला.

नाना आणि मी पुन्हा जळगावला गेलो. अक्काला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. डॉक्टरांनी बिनवासाचे, बिनचवीचे थेंब लिहून दिले. "चहात टाका, वरणात टाका. पुष्कळ घरांत असंच चालतं."

मी विचारलं, "तिला न सांगता?"

"सांगून घेत असत्या तर तुम्ही इथे आला असता का?"

नाना हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आज शिसारी येते. बाहेर येऊन अक्काला म्हटलं, डॉक्टर म्हणाले तुम्ही बऱ्या आहात, आता औषध नको. ती म्हणाली, "मी तेच सांगी ऱ्हायनू व्हतू." आणि तिनं आम्हाला बसस्टँडवर उसाचा रस पाजला.

घरात लगेच व्यवस्था बसली. अक्का स्वयंपाक करायची, पण ती चुलीपुढे असेल तर थेंब टाकणार कसे? म्हणून आईनं तिला प्रेमानं बाजूला केलं. "अक्का, खूप केलं तुम्ही, आता बसून खा." तिची परात, तिचं पोळपाट, तिची ती भाकरी थापायची जागा, सगळं आईनं घेतलं. थेंब मोजण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा हात थरथरत नाही. सकाळी आठ थेंब, संध्याकाळी आठ. मी कप फळीवर ठेवायचे, दाराकडे पाठ करायचे. हे इतकं सवयीचं झालं की थेंब टाकता टाकता मी पत्रकातली वाक्यं जुळवत असे.

अक्का शांत झाली. फार शांत झाली. दुपारभर उंबऱ्यात बसायची, ओठाच्या कडेला लाळ यायची. येणारेजाणारे नानांना म्हणायचे, "बहिणीला सांभाळावं तर असं." नाना मान खाली घालून ते घ्यायचे.

मग तिला काहीतरी समजलं. एकदा सकाळी तिनं तिचा कप नानांच्या कपाशी बदलला. आम्हाला कळलं ते दुपारी, कारण नाना तालुक्याच्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीवर तोंड उघडं टाकून झोपले आणि दोन माणसांनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून घरी आणलं. अक्का उंबऱ्यातून म्हणाली, "आज भाऊले चहा लागना वाटतं." आईला हसू आवरेना. नाना मात्र जागे झाल्यावर मला एवढंच म्हणाले, "जरा लक्ष ठेवत जा." आठ थेंबांनी आपलं काय झालं हे त्या माणसानं स्वतःच्या अंगावर अनुभवलं. बहीण रोज सोळा घेते हे त्यांच्या मनात आलं नसेल असं मी मानत नाही.

त्याच आठवड्यात अक्का चुलीजवळ येऊन उभी राहिली. "तुम्ही मन्हा चहामा काही टाकतस."

"काय टाकणार आम्ही?" आई म्हणाली.

"ते तुम्हले माहीत."

आमच्या घरात देवाची शपथ चालत नाही. म्हणून आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शपथ. काही नाही टाकत." मी त्या हाताखाली उभी राहिले. जड, ओला हात होता, पिठाचा. अक्का आईकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "अक्का, उगाच मनात आणू नका."

जळगावला पुढच्या खेपेला नानांनी सांगितलं की संशय वाढलाय, जेवणात काही कालवतात म्हणते. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि थेंब वाढवून दिले. अक्का बोलत होती ते सगळं खरं होतं आणि ते तिच्या कागदावर आजाराचं लक्षण म्हणून गेलं. लिहिणाऱ्याला माहीत होतं, सांगणाऱ्याला माहीत होतं, शेजारी बसून ऐकणाऱ्या मलाही माहीत होतं.

त्यानंतर तिनं आमच्या हातचं खाणं सोडलं. साल असलेलं तेवढंच खायची. भुईमुगाच्या शेंगा, उकडलेली अंडी, केळी. स्वतः सोलायची, स्वतः खायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आई रडायची. आणि इथे मला ती कल्पना सुचली. मला, दुसऱ्या कोणाला नाही. ओळखीच्या मेडिकलमधून मी सुई आणली, औषध भरलं आणि केळ्याच्या देठाजवळ, जिथे साल जाड असते तिथे, आत टोचलं. एका फणीतली तीन केळी. सुई इतकी बारीक होती की मलाच छिद्र दिसेना. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, हेही लिहून ठेवते.

जिनं बारा वर्षं डागी केळी बाजूला काढली, तिला आम्ही केळ्यानं फसवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फणी तिच्यापुढे ठेवली. एव्हाना छिद्रांभोवती मोहरीएवढे काळे ठिपके आले होते. मी पाहिले नव्हते, कारण मी आता तिच्या ताटाकडे नीट पाहतच नसे. अक्कानं फणी उचलली, उजेडात धरली, देठापासून अंगठा फिरवला. एकेक केळं तोडून तिनं दोन वाटे केले. उजवीकडे सहा, डावीकडे तीन. डावीकडची तीन माझ्याकडे सरकवली.

"हाऊ माल डागी शे," ती म्हणाली.

मी ती उचलायला हात पुढे केला.

"मी येडी शे, आंधयी नही."

उजवीकडची सहाही तिनं खाल्ली नाहीत. त्या दिवसापासून नळाला ओंजळ लावून पिईल तेवढं पाणीच. पाचव्या दिवशी न्हाणीत ती खाली बसली ती उठेना.

धुळ्याच्या एका दवाखान्यात मानसिक रुग्णांचा वॉर्ड आहे, तिथे तिला नेलं. जीपच्या मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पारोळा मागे पडेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत. त्या वॉर्डात बाईसोबत घरची एक बाई थांबावी लागते. मी थांबले. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिच्यासोबत तिची सून, मागावर काम करणाऱ्या घरातली. ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "दीदी, चादर घरची आण, इथलीला वास मारतो." खरंच मारत होता. फिनेल, लघवी आणि कालची खिचडी. पण त्या वासानं मला काही झालं नाही. घरच्या चहाच्या वासानं व्हायला लागलं होतं.

सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, सलाईनवर फार दिवस काढता येणार नाहीत, परवापर्यंत तोंडानं काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. अक्का ओठ घट्ट मिटून पडली होती. नळी घालायची तर तिचे हात बांधावे लागले असते, हे मला वॉर्डात पाहून कळलं होतं.

तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, ठेंगण्या, चपलांचा फटफट आवाज करत चालणाऱ्या. त्या कुणाच्याही उशाशी येऊन आधी बोलत. सलाईनची बाटली अक्काच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाल्या, "अक्का, हे मीठ-साखरेचं पाणी. दुसरं यात काही घातलेलं नाही. घालायचं झालं तर तुम्हाला दाखवून घालीन." गोळीचं पाकीट रुग्णाच्या हातात देत, त्यालाच फोडायला लावत, मग म्हणत, "ही झोपेची नाही, ती आवाजांची. घ्या आणि तोंड उघडून दाखवा. माझा पगार त्याचाच आहे." बाया हसत आणि आ करत. घ्यायची नसेल तर सिस्टर पाकीट परत घेत, तसं लिहीत आणि तासाभरानं पुन्हा येत. त्यांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं, आणि ते नानांवर.

नाना दुसऱ्या दिवशी थर्मासमधून चहा घेऊन आले आणि सिस्टरांना कोपऱ्यात नेऊन हळूच म्हणाले, "तुम्ही तुमची गोळी कुटून यातच टाका ना. घरी आम्ही तसंच करायचो."

"नाना, आमच्याकडे चहात साखर टाकतात. तीपण विचारून टाकतो, अर्ध्या वॉर्डाला शुगर आहे."

"अहो, पण जीव वाचवायचा तर..."

"हे घरी किती दिवस चाललं होतं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी दिलं. चहा, वरण, केळी, सुई. सिस्टर ऐकत राहिल्या आणि मग केसपेपर घेऊन मी सांगितलं ते सगळं माझ्यासमोर लिहिलं. म्हणजे आता कागदावर खरं आलं. मग विचारलं, "आधी गोळी स्वतः घेत होत्या म्हणता. मग सोडली का?"

नाना थर्मासचं झाकण फिरवत राहिले.

"विचारलंच नाही?"

शेजारची सून म्हाताऱ्या सासूचे केस विंचरत होती, तीसुद्धा थांबून आमच्याकडे पाहायला लागली.

सिस्टर मला म्हणाल्या, "हे बघ पोरी, मी कितीही पाकिटं दाखवली तरी ही बाई खाणार नाही. तिला कोणी सांगितलंय का की तिचं खरं होतं? मी सांगून उपयोग नाही. मी काल भेटले तिला. तुझ्या हातचं खाल्लंय तिनं, तू सांग."

नानांनी मला वॉर्डाबाहेर, जिन्याखाली नेलं. "आत्ता नको. आधी बरी होऊ दे. परिस्थिती बघून बोलायचं असतं. आज सांगितलंस तर ती जन्मभर आपल्या घरात पाणी पिणार नाही."

"आज तरी कुठे पितेय?"

"आपण तिचं वाईट केलं का? भगताकडे नेलं असतं तर चाललं असतं तुला?"

"नाना, दारूच्या पुडीवाल्या बाया हेच म्हणतात. मथळा तुम्ही दिला होता."

"घर आणि पत्रक यात फरक असतो."

हे वाक्य मी आयुष्यभर इतरांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि नानांना त्यावर चिडताना पाहिलं होतं. ज्यांच्याकडून मी सरळ उभं राहायला शिकले ते जिन्याखालच्या पानाच्या पिचकाऱ्यांना पाठ लावून उभे होते आणि कुजबुजत होते. मला त्यांची किळस आली, त्यांच्या मुलीचीही आली. मी वर गेले.

अक्का जागी होती. मी खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "अक्का, तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. चहात औषध टाकत होतो. मीच टाकत होते."

 मला वाटलं ती ओरडेल किंवा रडेल. तिनं चौकशी सुरू केली, मालाची करतात तशी.

"कवयपाईन?"

मी महिना सांगितला.

"भाकरमा?"

"नाही."

"वरणमा?"

"चार-पाच वेळा."

"गये साल भरीत करेल व्हतं, मयाम्हा, तुन्ही मैत्रिणी येल व्हत्यात. त्यामा?"

मळ्यातल्या त्या भरिताच्या दिवशी ती खूप हसली होती, चार माणसांत बसून खाल्लं होतं. "नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी नव्हतं टाकलं."

तिनं डोळे मिटले आणि मान हलवली. तो एक दिवस तिनं चांगल्या वाट्यात टाकला असावा. मग तसंच एकेक विचारत गेली. दिवाळीच्या सांजोऱ्या, आजारपणातली पेज, माझ्या परीक्षेच्या निकालाचा पेढा. मी आठवेल ते खरं सांगत गेले. काही वेळा हो म्हणावं लागलं. पेढ्याला हो म्हणावं लागलं.

"तुन्हा बापले माहीत व्हतं?"

"हो."

त्यावर ती भिंतीकडे वळली. शेवटी भिंतीकडूनच म्हणाली, "गोयीवरी मन्हा हात थरथर करे. भाकर थापता ये ना. थापू तर मोडे." म्हणून सोडली होती तिनं गोळी. भाकरीसाठी. आणि आम्ही औषध द्यायला तिची परातच काढून घेतली होती.

मी सिस्टरांना बोलावलं. त्यांनी ते अक्काच्या तोंडून पुन्हा ऐकलं, लिहिलं, डॉक्टरांना दाखवलं. संध्याकाळी नवं पाकीट घेऊन आल्या. "हिनं हात कमी थरथरतील. थरथरले तर मला सांगायचं, मनातल्या मनात सोडायची नाही." अक्कानं पाकीट उलटंसुलटं करून अंगठ्यानं चाचपलं. फोडलं. आ करून दाखवलं.

मी धावत जाऊन दूध आणलं. तिनं माझा पेला हातानं बाजूला केला. शेजारची सून डबा उघडून सासूला खिचडी भरवत होती. तिनं न विचारता दोन घास झाकणावर काढून पुढे केले. "लो अम्मा, इसमें कुछ नहीं, नमक भी कम है." अक्कानं ते खाल्ले. माझ्या डोळ्यांदेखत, सावकाश, झाकण पुसून.

नळी घालावी लागली नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. नानांना ते दारूच्या पुडीविरुद्धचं पत्रक पुन्हा छापायचं होतं. मी म्हटलं, छापा, पण खाली आपल्या घरचं लिहू. ते म्हणाले, मग राहू दे. आमचं बोलणं त्यानंतर कमी झालं आहे. अक्का गोळी स्वतः घेते. मुकादम कधीमधी येतो, ती त्याला 'जाय तिकडे' म्हणते आणि कामाला लागते. परात तिच्याकडे परत आली. भाकरी पूर्वीसारखी गोल होत नाही, कडेला फाटते, आम्ही खातो. माझ्या हातचं मात्र ती अजून घेत नाही. मी केलेला चहा ओट्यावर तसाच गार होतो आणि ती स्वतःचा वेगळा ठेवते.

परवा सकाळी तिनं दोन कप केले. एक माझ्यापुढे ठेवला.

"पी ले. साखरच शे."

मी कप उचलला, आणि प्यायच्या आधी माझी नजर आपसूक कपात गेली. क्षणभरच गेली. वर पाहिलं तर अक्का माझ्याकडेच पाहत होती, ओठ मिटून, गालातल्या गालात हसत. मी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. तिनं कप हातातून घेतला, आत डोकावून पाहिलं आणि विसळायला टाकला.